तपासणीच्या सकाळी घासलेलं पिंप

स्पर्धा यतीनची होती, पण फायदा मोजायला बसलं तर सगळ्यात रोकडा फायदा त्याच्या आईचा होणार होता. यतीनचं डिझाइन निवडलं गेलं, तर त्याला यमुनेच्या खादरातल्या, म्हणजे नदीकाठच्या पूरपट्ट्यातल्या, झोपड्यांसाठी काम करायला मिळणार होतं आणि नोएडातल्या त्या कंपनीतून त्याची सुटका होणार होती. तिथे तो शाम्पूच्या बाटल्यांची झाकणं डिझाइन करायचा. शांतारामांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, सकाळच्या फिरण्याच्या मंडळात सांगायला विषय मिळणार होता. हे दोन्ही फायदे जरा हवेतले. सुमित्राबाईंचा फायदा मात्र कपडे वाळत घालता येतील असा होता. त्यांना त्यांची बाल्कनी परत मिळणार होती.

मयूर विहारच्या त्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटला बाल्कनी एकच, आणि तिच्या मधोमध यतीनचं पिंप उभं होतं. कमरेएवढं, सिमेंटचं, चार माणसांनी शिव्या देत वर चढवलेलं. तळाला खडी, तिच्यावर जाड वाळू, तिच्यावर बारीक वाळू आणि वर चार बोटं पाणी. वरून गढूळ पाणी ओतायचं, बाजूच्या नळीतून स्वच्छ पाणी घ्यायचं. वीज नको, दुरुस्तीवाला नको. वस्तीतला कुठलाही गवंडी हे पिंप ओतू शकेल इतकं स्वस्त. यतीन रोज ऑफिसला जाण्याआधी खादरातल्या हातपंपाचं पाणी कॅनमधून आणायचा आणि पिंपात ओतायचा. आईला मात्र त्याने एकच सूचना दिली होती, "आई, याला हात लावू नकोस."

हे वाक्य सुमित्राबाईंना नवीन नव्हतं. नोकरीत असताना शांतारामांच्या फायलींना हात लावायचा नव्हता. यतीनच्या टेबलाला हात लावायचा नव्हता. बंगलोरला नोकरीला गेलेल्या लेकीच्या, तेजश्रीच्या, कपाटाला ती तिकडून फोन करून हात लावू देत नव्हती. इतक्या वर्षांत सुमित्राबाईंनी त्या वाक्याचा आपल्यापुरता अर्थ बसवला होता. हात लावू नको म्हणजे जागचं हलवू नको. स्वच्छ करायला कुणाची ना असायचं कारण नाही.

रविवारी परीक्षक घरीच येणार होते. मॉडेल ऑफिसात नको, माणसं राहतात त्या घरात चालताना बघायचं, अशी स्पर्धेची अटच होती. यतीन पहाटेच खादराकडे गेला. पाणी घेऊन परीक्षकांना मेट्रो स्टेशनवरून सोबत आणणार होता. तो गेला आणि शांतारामांनी घराचा ताबा घेतला. केंद्र सरकारच्या एका खात्यातून ते अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झाले होते, आणि घरी कुणी काही बघायला येणार म्हटलं की त्यांच्या अंगात आजही खातं संचारायचं.

"अगं, इन्स्पेक्शन आहे हे. पाहुणे नाहीत. पाहुणा सोफ्यावर बसतो आणि जातो. इन्स्पेक्शनवाला बरोबर नको तिथे बघतो."

"म्हणजे कुठे?"

"कुठेही. आमच्याकडे जॉइंट सेक्रेटरी यायचे तेव्हा आम्ही गच्चीवरच्या टाक्यासुद्धा पुसायचो. एकदा ते खरंच वर गेले!"

"आणि टाकी बघितली?"

"नाही, फोन करायला गेले होते. पण टाकी तयार होती ना."

असं म्हणून त्यांनी कुंड्या रंगवायला आणलेल्या गेरूचा डबा काढला आणि पिंप बाहेरून रंगवायला घेतलं. वर पांढरा पट्टासुद्धा मारला. सुमित्राबाईंनी ते बघितलं आणि त्यांच्या मनात साहजिक विचार आला, की बाहेरून एवढं लाल-पांढरं आणि आत कुणी डोकावलं तर? त्यांनी झाकण उचललं.

वाळूवर बोटभर जाडीचा, तपकिरी हिरवट, बुळबुळीत थर बसला होता. मातीचा आणि ओल्या पोत्याचा वास आला. सुमित्राबाईंनी पदर नाकाला लावला.

"शी! अहो, बघा हे! आणि हा मुलगा यातून लोकांना पाणी पाजणार?"

शांतारामांनी ब्रश हातात घेऊन आत डोकावलं. "हे तर निल मार्क्स. काढून टाक."

"त्याने हात लावू नको सांगितलंय."

"ते रोजच्या दिवसासाठी गं. आज इन्स्पेक्शन आहे."

मग काय, सुमित्राबाईंनी परात आणली. वरची वाळू ओंजळी-ओंजळीने काढली, लिंबाच्या वासाचा भांड्यांचा साबण टाकून चोळली, मग तांदूळ धुवावेत तशी पाणी बदलत धुतली. पिंपाचा आतला काठ तारेच्या घासणीने घासला. वाळू परत पसरली, वरून दोन बादल्या नळाचं पाणी ओतून सगळं आणखी एकदा खंगाळलं. झाकण लावण्याआधी त्यांनी आत पाहिलं. वाळू गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यासारखी लखलखत होती. मुलाच्या यशाला आपलाही हात लागला, या समाधानात त्या साबुदाणा वडे तळायला गेल्या.

परीक्षक दोन होते. डॉ. निगम हे जुन्या दिल्लीतले, पाणीपुरवठ्यात आयुष्य गेलेले इंजिनियर. पांढऱ्या मिशा, आवाज बारीक पण नजर फार जाड. दुसऱ्या सुखदा बर्वे. मूळच्या नागपूरच्या, आता गुरुग्रामच्या एका कॉलेजात डिझाइन शिकवणाऱ्या. त्यांनी पांढराशुभ्र कुर्ता घातला होता, आणि दारातच सुमित्राबाईंना म्हणाल्या, "ताई, वडे ना? वास लिफ्टमध्येच आला."

सुमित्राबाईंना त्या तिथेच आवडल्या.

निगमसाहेबांनी वड्यांना न्याय देता देता विचारलं, "तो बेटा, बताओ. तुम्हारे ड्रम में ऐसा क्या है जो बाकियों में नहीं?"

यतीनने टीव्हीला लॅपटॉप जोडला. गेल्या कित्येक वर्षांत तो एवढा ताठ बसलेला सुमित्राबाईंनी पाहिला नव्हता. झाकणांविषयी बोलताना तो कधी असा बसायचा नाही.

"सर, वाळू तर सगळेच वापरतात. खरं काम वाळू करतच नाही." पडद्यावर फोटो आला. तपकिरी हिरवट, बुळबुळीत. "खरं काम हा थर करतो. हा जिवंत आहे. पाण्यातल्या रोगाच्या जंतूंना यातले सूक्ष्मजीव खाऊन टाकतात. हा विकत मिळत नाही, तयार करावा लागतो. रोज तेच गढूळ पाणी घालत राहिलं की महिन्याभरात हळूहळू वाढतो. सर, हा थर म्हणजेच माझा फिल्टर. बाकी सगळं नुसतं भांडं."

सुमित्राबाईंच्या हातातला चटणीचा चमचा निगमसाहेबांच्या ताटलीवर तसाच अधांतरी राहिला.

"भाभीजी, बस, बस," निगमसाहेब म्हणाले, पण चटणी आलीच नव्हती.

"आणि हा थर गेला तर?" सुखदाताईंनी विचारलं.

"तर काहीच नाही उरलं. पाणी दिसायला स्वच्छ येईल, पण त्यात जे असेल ते सगळं पोटात जाईल. पण मॅडम, जाईल कसा? पुण्याला एका ट्रेनिंगमध्ये मी दोन रात्री याच्यावर बोललोय. फक्त त्याला हलवायचं नाही, एवढंच."

सुमित्राबाईंनी शांतारामांकडे बघितलं. शांताराम अभिमानाने मान हलवत होते. त्यांना अजून काही समजलं नव्हतं. खात्यात असतानाही प्रेझेंटेशन त्यांना नेहमी दुसऱ्या दिवशी समजायचं.

"अहो, जरा आत येता? तेल तापलंय."

"मग मी काय करू तेलाचं?"

"या म्हणते ना!"

स्वयंपाकघरात त्यांनी गॅस मोठा केला, म्हणजे बाहेर आवाज जाऊ नये. "अहो, ती घाण नव्हती."

"कुठली?"

"पिंपातली! तोच फिल्टर होता. मी फिल्टर घासून टाकला."

शांतारामांचा चेहरा आधी कोरा झाला, मग सावध झाला. "कुणी सांगितलं होतं तुला आत हात घालायला?"

"तुम्ही! काढून टाक म्हणालात!"

"ते मी तोंडी म्हणालो."

"आता लेखी कुठे जाऊ आणायला? पोराचं वर्ष गेलं त्यात. रोज पहाटे उठून पाणी आणत होता. तुम्ही तरी काहीतरी सुचवा."

शांतारामांनी हात पाठीमागे बांधले. खात्यात ते ज्या पवित्र्यासाठी ओळखले जायचे, तो हा. "हे बघ, अशा वेळी विषय पुढे ढकलायचा. आज पाणी नाही निघालं, की पुढची तारीख मिळते. तारीख मिळाली, की थर वाढतो. फक्त आज कुणाच्या तोंडात त्यातलं पाणी जाता कामा नये."

"आणि यतीनला सांगायचं?"

"आत्ता? तो तिथे बसून बोलतोय किती छान. आत्ता सांगितलंस तर त्याचा आवाज बसेल. नंतर सांगू."

हा सल्ला चांगला नव्हता, पण घरात दुसरा उपलब्ध नव्हता.

बाल्कनीत गेल्यावर पहिला धक्का यतीनला बसला. "बाबा, हे काय केलंत? लाल?"

"इन्स्पेक्शन होतं म्हणून..."

"अरे वाह, गेरू!" निगमसाहेब खूश झाले. "पूरा सरकारी बंगला याद आ गया." तोपर्यंत सुखदाताई पिंपाला रेलून नळी बघायला वाकल्या होत्या आणि उठल्या तेव्हा पांढऱ्या कुर्त्यावर एक रुंद लाल पट्टा उमटला होता. शांतारामांनी रुमाल काढला, चोळला, आणि पट्ट्याचं रूपांतर सूर्यास्तात केलं. सुखदाताई "राहू द्या, राहू द्या" म्हणाल्या. पण त्यांचा आवाज मघासारखा वड्यांनी भारलेला नव्हता.

"झाकण उघडून दाखवतो," यतीन म्हणाला.

"नको!" सुमित्राबाई म्हणाल्या. सगळे वळले. "म्हणजे, ऊन लागेल ना त्याला. जिवंत आहे म्हणालास."

यतीनला गहिवरून आलं. इतके महिने आईने पिंपाला नावं ठेवली होती आणि आज तिला थराला ऊन लागायची काळजी. "बघा मॅडम, आईला पण सवय झाली. बरोबर आहे आई, आधी पाणी दाखवू."

त्याने कॅनमधलं खादराचं पाणी वर ओतलं. पिवळसर, वासाचं. सगळे नळीकडे बघत थांबले. थोड्या वेळाने नळीतून धार लागली आणि यतीनने काचेचा ग्लास खाली धरला. पाणी नितळ आलं. निगमसाहेबांनी ग्लास उन्हात धरला.

"साफ है. और मैं, बेटा, कोई फ़िल्टर पास नहीं करता जब तक खुद न पी लूँ. चालीस साल का उसूल है."

एका बाजूला मुलाचं सगळं भविष्य, दुसऱ्या बाजूला एका मिशाळ, सज्जन म्हाताऱ्याचं पोट. सुमित्राबाईंनी पुढे होऊन ग्लास अलगद काढून घेतला.

"भाईसाहब, पहिला ग्लास तुळशीचा. हमारे यहाँ... पहिलं पाणी देवाला." आणि तो तुळशीत ओतला.

"बहुत सुंदर," निगमसाहेब म्हणाले. "दूसरा?"

"दुसरा पितरांना," शांताराम म्हणाले आणि दुसरा ग्लास कठड्यावरून खाली सोडला. खालून गाडी पुसणाऱ्या ड्रायव्हरचा "अबे कौन है!" असा आवाज आला, तो पितरांच्या वतीने सगळ्यांनी ऐकून घेतला.

"बाबा, हे आपल्याकडे कधी होतं?" यतीन कुजबुजला.

"कोकणात होतं. तू गेला आहेस कुठे कधी?"

तिसऱ्या ग्लासात फेस आला. नळीच्या तोंडावर बारीक बुडबुडे, मग एक मोठा, इंद्रधनुष्यी. तो सुटला आणि सुखदाताईंच्या नाकासमोरून तरंगत गेला. निगमसाहेबांनी ग्लास नाकाशी नेला.

"नींबू?"

"कुठे?" शांताराम म्हणाले. "हां, शेजाऱ्यांचं झाड आहे लिंबाचं. वाऱ्याने येतो वास."

"दूसरी मंज़िल पर?"

"गमले में, सर. गमले में. बोन्साय."

सुखदाताई यतीनकडे वळल्या. "तुम्ही सुगंध घातलाय का काही? म्हणजे लोकांना प्यावंसं वाटावं म्हणून? वाईट नाही कल्पना, पण तुमच्या कागदात नव्हतं."

यतीनच्या चेहऱ्यावरचा रंग उतरायला लागला होता. त्याने नळी हुंगली, पाणी बोटांत चोळलं. बोटं सुळसुळीत झाली. तो काही बोलणार तेवढ्यात सुखदाताईंनी पुढचा प्रश्न टाकला. "एक शंका आहे. तो थर, दिसायला तसा घाणेरडाच. खादरातल्या एखाद्या बाईने घासून टाकला तर?"

"कोण घासेल, मॅडम?" यतीन हसला. हसला, कारण त्याला घाम फुटला होता. "सांगितलेलं असतं ना. हात लावू नका म्हणून. त्यावरही कुणी घासला तर त्या बाईला अक्कलच नाही म्हणायचं. आणि पाण्याचं म्हणाल तर मला खात्री आहे, मीच पिऊन दाखवतो."

आणि त्याने ग्लास उचलला.

आता सुमित्राबाईंच्या मनात एका वेळी दोन गोष्टी चमकल्या. एक म्हणजे खादराच्या हातपंपाचं पाणी, साबण घातलेलं, आपल्या पोराच्या पोटात. आणि दुसरी, थोडी मागून आलेली पण तेवढ्याच जोराची, ती 'अक्कल'. यतीनच्या ओठांना काच लागली होती. त्यांनी त्याच्या मनगटावर इतक्या जोरात फटका मारला, की ग्लास पिंपावर आपटून फुटला.

"मी घासला!" त्या म्हणाल्या. "मी. सकाळी. भांड्याच्या साबणाने. आता म्हण मला अक्कल नाही."

नळीच्या तोंडाशी फेस विरत होता.

यतीनने झाकण उचललं. आत लखलखीत वाळू. तो नुसता बघत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. "आई," एवढंच म्हणाला, आणि झाकण परत ठेवलं, एखाद्याच्या अंगावर चादर ओढावी तसं.

"तीन-चार पाण्यांनी धुतली," सुमित्राबाई म्हणाल्या, आणि आपण हे का सांगतोय ते त्यांनाच समजेना. मग त्या निगमसाहेबांकडे वळल्या. हिंदी त्यांना चाळीस वर्षांनंतरही भाजीपुरतीच यायची, पण आज त्या अडल्या नाहीत. "साहब, लडके का कुछ कसूर नहीं. उसने बोला था हात मत लगाना. मैंने लगाया. आप नंबर काटना है तो मेरा काटो."

"तुमचा नंबर कुठाय ताई, कापायला," सुखदाताई म्हणाल्या. त्यांचा कुर्ता लाल होता, पण आवाज परत वड्यांकडे झुकला होता. "मला एक सांगा. त्याने हात लावू नको म्हटलं. का लावायचा नाही, ते सांगितलं होतं का?"

सुमित्राबाईंनी यतीनकडे पाहिलं. मुलाला वाचवायला आईने खोटं बोलावं अशी ही शेवटची संधी होती. "नाही. या घरात कशाला हात लावायचा नाही ते सांगतात. का, ते सांगायची पद्धत नाही."

"हो, म्हणजे तसं नाही हं," शांताराम म्हणाले.

"पुण्याच्या लोकांना दोन रात्री सांगितलंस," सुखदाताई यतीनला म्हणाल्या. त्या आता अहो-जाहोवरून अरे-तुरेवर आल्या होत्या, आणि ते त्याच्या भल्याचं आहे की वाईटाचं, कुणालाच समजेना. "घरातल्या बाईला दोन वाक्यं नाही सांगितलीस. खादरात दिवाळी येत नाही का? पाहुणे येत नाहीत? मुलगी बघायला येत नाहीत? प्रत्येक घरी त्या दिवशी हेच होणार."

यतीन म्हणाला, "मॅडम, मी वर सूचना छापणार होतो."

"घासणीला वाचता येतं का?"

नेमक्या त्याच वेळी स्वयंपाकघरातून शीळ आली. कुकरची नव्हे. भिंतीवरच्या आरओ मशीनची टाकी भरली की ते गाणं म्हणायचं. निगमसाहेबांनी मान वळवली. त्यांची ती जाड नजर हॉलमधून, पडद्याच्या फटीतून थेट मशीनच्या निळ्या दिव्यावर जाऊन बसली.

"आप लोग घर में कौन सा पानी पीते हैं?"

शांताराम म्हणाले, "सर, तो प्रश्न जरा... या फाइलचा नाही."

"बेटा, तू?"

"आरओचं," यतीन म्हणाला. त्याचा आवाज खरंच बसला होता.

"और ये वाला?"

"खादरच्या लोकांसाठी."

निगमसाहेबांनी सुखदाताईंना खूण केली आणि दोघं हॉलमध्ये गेले, दार लोटून. तिघं बाल्कनीत उरले, मध्ये पिंप. यतीन काचा वेचत होता. सुमित्राबाई म्हणाल्या, "हात कापेल, मी वेचते," आणि तो म्हणाला, "राहू दे." शांतारामांनी दाराला कान लावला. "ती बाई हसतेय," ते म्हणाले. मग म्हणाले, "आता नाही हसत." मग, "वडा खातेय बहुतेक."

"बाबा, प्लीज."

"मी तुझ्या बाजूनेच ऐकतोय रे."

दार उघडलं. निगमसाहेब उभ्यानेच बोलले. पास नाही. नापासही नाही. बाकीच्या सगळ्या घरी त्यांना चकचकीत फायली दाखवल्या होत्या. फिल्टर मोडतो कसा हे फक्त इथेच बघायला मिळालं. म्हणून यतीनला हिवाळा संपेपर्यंतची मुदत. अटी दोन. पिंप असं बदलायचं की घासायची हौस असलेल्या बाईला घासायला मिळालं पाहिजे, पण थर वाचला पाहिजे. आणि दुसरी अट सांगताना त्यांची मिशी किंचित हलली. नवा थर तयार झाला आणि प्रयोगशाळेने पाणी पास केलं, की या घराने हेच पाणी प्यायचं. तिघांनी. "जो औरों को पिलाना है, वो पहले अपने घर में."

"सर, हे लेखी मिळेल?" शांतारामांनी विचारलं. त्यांना वाटलं होतं, लेखी म्हटलं की प्रकरण लांबेल.

लेखी दुसऱ्याच दिवशी आलं.

यतीन दोन दिवस आईशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने वही पुढे सरकवली आणि विचारलं, "तू नेमकं काय बघून घासायला घेतलंस?" मग मायलेकरं स्वयंपाकघरात बराच वेळ बसली. त्यातून एक स्टीलचं ताट निघालं, भोकाभोकांचं, पिंपाच्या तोंडावर बसणारं. वरून ओतलेल्या पाण्याचा काडीकचरा त्यावर साचतो, ते दोन दिवसांत दिसायला अगदी घाण होतं, आणि उचलून मनसोक्त घासता येतं. खालचं, पाणी झिरपायला बारीक भोकं ठेवलेलं झाकण मात्र चार बोल्टांनी बंद. "घासणारीला घासायला काहीतरी हवंच," सुमित्राबाई म्हणाल्या, "नाहीतर ती बोल्टसुद्धा काढेल." यतीनने विचारलं, "तू काढला असतास?" त्या म्हणाल्या, "पाना कुठे ठेवतोस त्यावर आहे."

हिवाळा संपता संपता परीक्षक परत आले, प्यायले, आणि पास करून गेले. पिंपं खादरात जाणार हे ठरलं. पण बाल्कनीतलं पिंप हलवायचं नाही, असंही ठरलं. सगळ्यात जुना थर त्याचाच, तेव्हा नमुना म्हणून ते तिथेच राहील आणि लोक बघायला येत राहतील.

तर या सगळ्यात कुणाचं काय गेलं ते मांडू. निगमसाहेबांचं काही गेलं नाही; उलट पास झाल्यावर सुमित्राबाईंनी सोबत दिलेला लाडवांचा डबा अजून त्यांच्याकडेच आहे. सुखदाताईंचा कुर्ता गेला. यतीनची झाकणं गेली, ती मात्र आनंदाने. शांतारामांचं आरओ गेलं. रोज सकाळी ते ग्लास उजेडात धरतात, एखाद्या नको असलेल्या फायलीवर सही करावी तसं तोंड करतात आणि पितात. सुमित्राबाईंची बाल्कनी गेली, ती कायमची, आणि कपडे आता सोफ्याच्या पाठीवर वाळतात. खादरात अजून पहिलं पिंप पोचायचं आहे, कारण गवंडी, मंजुरी आणि उद्घाटनाला मोकळा असलेला पाहुणा एकाच आठवड्यात मिळत नाहीत. तोवर तिथल्या बायका हातपंपाचंच पाणी पीत आहेत, म्हणजे सगळ्यात जास्त किंमत त्याच मोजत आहेत, आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही. निव्वळ फायद्यात राहिला तो एकटा थर. यतीन विसरेल या धास्तीने सुमित्राबाई त्याला रोज दोनदा पाणी घालतात.